साडेसात केव्हीएचं माहेर

हिंदुरावांनी अकलूजच्या व्याह्यांना फोन करून सांगितलं की, आमची उत्कर्षा बाळंतपणाला सहा महिने आमच्याकडे राहील. त्यांना खरं म्हणजे तीनच महिने हवे होते. पण उभी नोकरी त्यांनी एका सरकारी खात्यात मुख्य लिपिक म्हणून काढली होती (कोणतं खातं ते सांगत नाही, उगाच एका चांगल्या खात्याचं नाव खराब नको), आणि त्या खात्यात एक रीत होती. चार पंखे हवे असले तर आठ मागायचे. वर लाल पेन घेऊन कुणीतरी बसलेलं असतं. ते निम्मे कापतं, त्याला काम केल्याचं समाधान मिळतं आणि आपल्याला चार पंखे मिळतात. निवृत्त झाले तरी हिंदुरावांची ही सवय सुटली नव्हती. अर्धा किलो वांगी हवी असली की ते मंडईत एक किलो म्हणायचे, आणि भाजीवाली निमूटपणे एक किलो तोलून द्यायची. भरल्या वांग्यांवर त्यांच्या बायकोचा, वैजयंतीबाईंचा, जेवढा हात बसला होता, तेवढा सोलापूरच्या सबंध शुक्रवार पेठेत कुणाचा बसला नव्हता.

व्याही उदयसिंह मात्र लाल पेनाचे निघाले नाहीत. त्यांनी निम्मे महिने कापण्याऐवजी सगळेच कापले.

"सहा म्हैनं ऱ्हाऊ द्या बाजूला," ते म्हणाले. "भर उन्हाळ्यात पोरीला तितं ठेवायची कशी? तुमच्याकडं लाईट कवा हाय आन् कवा न्हाय, पत्ताच न्हाय. गेल्या टायमाला मी जेवाय बसलो तवा काय झालं, इसरलाव व्हय?"

हिंदुरावांना विसरणं शक्य नव्हतं. उदयसिंह पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा नेमकी लाईट गेली होती, आणि पुरण समजून त्यांनी अंधारात ठेच्याचा अख्खा गोळा तोंडात टाकला होता. लाईट आली तेव्हा व्याही डोळ्यांतून पाणी काढत उभे होते आणि हिंदुरावांच्या शेजारणी त्यांना साखर भरवत होत्या. अकलूजच्या माणसाला एवढं रडताना त्या गल्लीनं आधी पाहिलं नव्हतं.

"मी सोता घेऊन येतो पोरीला," उदयसिंह म्हणाले. "डोहाळजेवण करा. म्या येवस्था बघतो. पटली तर पोरगी ऱ्हाईल, न्हाय पटली तर सांच्याला गाडीत घालून माघारी नेतो. राग मानू नका. पयला नातू हाय."

हिंदुरावांना राग आलाच, पण फोन ठेवल्यावर आला. तेवढ्यात उत्कर्षाचा फोन वैजयंतीबाईंना आला. इकडे एसी आहे, स्वतःचा जनरेटर आहे, दूध घरचं आहे, सगळे फुलासारखं जपतात, असं सगळं तिनं सांगितलं. मग म्हणाली, "पण आई, मला पाय लांब करून बसायचंय गं. इथं मामंजी आले की पाय ओढून घ्यावे लागतात. पोट एवढं झालंय, सारखे सारखे नाही ओढता येत."

वैजयंतीबाईंनी हे जसंच्या तसं नवऱ्याला सांगितलं. हिंदुरावांनी कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "जनरेटर घ्यायचा."

"आपला इन्व्हर्टर आहे की," वैजयंतीबाई म्हणाल्या.

इन्व्हर्टर होता, नाही असं नाही. एक पंखा आणि एक ट्यूब चालवून तो थोड्या वेळानं कोंबडीच्या पिल्लासारखा चिवचिवायला लागायचा. सोलापूरच्या वैशाखात, भिंतींवर पाणी मारलं तर चर्र आवाज येतो अशा दिवसांत, गरोदर पोरीला त्याच्या भरवशावर ठेवणं म्हणजे तिला सरळ गच्चीवर ठेवल्यासारखं होतं. तिच्या खोलीत कूलर चालायलाच हवा होता.

जनरेटर घ्यायचा ही गोष्ट घरात ठरली असली तरी शुक्रवार पेठेत एखाद्या घरात काही ठरलं म्हणजे ते गल्लीत ठरलं असं मानलं जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी हिंदुरावांच्या कट्ट्यावर सल्ला द्यायला शेजारी जमले. समोरच्या घरातला रत्नदीप कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. तो चहा पिण्याआधीच घरात शिरला आणि कूलर, फ्रिज, मिक्सर यांच्या मागच्या पट्ट्या वाचून आला.

"काका, जनरेटर घेताना दोन गोष्टी बघायच्या. वस्तू चालू असताना किती वीज खाते, आणि सुरू होताना किती खाते. फ्रिज आणि पाण्याची मोटार सुरू होताना तिप्पट ओढतात, मग शांत होतात."

"म्हणजे ते पण आधी जास्तच मागतात?" हिंदुरावांनी विचारलं.

"तसंच म्हणा."

आपल्या घरातला फ्रिज इतकी वर्षं मुरलेल्या लिपिकासारखा वागत होता हे कळल्यावर हिंदुरावांना त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.

"तुम्हाला दोन केव्हीएची ताकद भरपूर झाली," रत्नदीप म्हणाला. "कूलर, पंखे, फ्रिज, दिवे, सगळं आरामात चालेल. आणि काका, यात जास्तीचं धरलंय. तुम्ही वर काही धरू नका."

त्याला हिंदुरावांचा स्वभाव माहीत होता.

उजवीकडचे मल्लिकार्जुन म्हणजे गल्लीचे मल्लूअण्णा. कडक भाकरीचा घरगुती धंदा होता त्यांचा. त्यांचं म्हणणं पडलं की मशीन घ्यायचं तर डिझेलचं घ्यावं, पेट्रोलचं म्हणजे खेळणं. डावीकडच्या गंगम्मा अंगणात मशीनवर टॉवेलच्या कडा शिवत बसायच्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "जनरेटर म्हणजे धूर की ओ. मी कापडं कुटं वाळत घालू? तुमच्या डोक्यावर?" या सल्ल्यांतून काढायचा तो अर्थ हिंदुरावांनी काढला, आणि डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळून ते होटगी रोडच्या एका दुकानात गेले.

"घरासाठी जनरेटर हवाय," ते म्हणाले. "चार केव्हीए." आणि तो माणूस आता निम्मे कापेल म्हणून वाट बघत उभे राहिले.

दुकानदारानं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "चारला कशाला अडताय, साहेब? आपल्या उन्हात मशीन तापतंय, दम सोडतंय. जरा वरचं घ्या की. चला, दाखवतो."

मागणी ऐकल्यावर ती वाढवणारा माणूस हिंदुरावांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होता. ते भारावून त्याच्या मागे गोदामात गेले. तिथे हिरव्या रंगाचं, चांगल्या कपाटाएवढं धूड उभं होतं. बंद पडलेल्या एका मंगल कार्यालयातून ते आलं होतं. त्याच्या पोटावर पिवळ्या अक्षरांत, दोन्ही बाजूंना कलश काढून लिहिलं होतं: वऱ्हाडी मंडळींचे सहर्ष स्वागत.

"साडेसात," दुकानदार म्हणाला. "नव्या चारच्या भावात. हजार लग्नं लावलीत ह्यानं, एकदा बंद पडलं न्हाय."

मला खरं तर दोनच हवेत, असं हिंदुरावांना म्हणायचं होतं. पण तसं म्हणणं म्हणजे मूळ मागणी फुगवलेली होती याची कबुली. ती त्यांनी साहेबांपुढे दिली नव्हती, ऑडिटवाल्यांपुढे दिली नव्हती, मग या होटगी रोडच्या माणसापुढे कशी देणार? त्यांनी धुडाभोवती एक चक्कर मारली, जाणकारासारखी त्यावर एक चापट मारली, हात भाजला म्हणून तो खिशात घातला आणि म्हणाले, "पाठवून द्या."

टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच अडकला. मग मल्लूअण्णांनी कुठूनसे लोखंडी पाईप आणले, ते खाली घालून आणि मागून ढकलून जनरेटर आत आणायचं ठरलं. अर्धी गल्ली ढकलत होती आणि अर्धी सूचना देत होती. दोन स्कूटर, एक तुळशीची कुंडी आणि हिंदुरावांचा अंगठा एवढं नुकसान होऊन धूड घराशी आलं. तिथे कळलं की ते दारातून आत जात नाही. खिडकीचा प्रश्नच नव्हता. शेवटी ते घराच्या भिंतीला लागून गल्लीतच बसवावं लागलं. वैजयंतीबाईंनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि नवऱ्याला हळूच विचारलं, "रत्नदीप दोन म्हणाला होता ना हो?"

"दोनात दम नसतो," हिंदुराव म्हणाले.

इथून पुढे वीज कार्यालय आलं. रत्नदीपनं बजावून सांगितलं होतं की बाहेरची तार तोडून मशीनची जोडणारा चेंजओव्हर स्विच बसवल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही, नाहीतर आपली वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेईल. तशी रीतसर माहिती कार्यालयाला दिलेली बरी. हिंदुराव खिडकीच्या आतल्या बाजूला आयुष्यभर बसले होते, बाहेरच्या बाजूला उभं राहायची त्यांना सवय नव्हती. आतल्या बाईंनी अर्ज बघितला आणि चष्मा काढला.

"साडेसात? घरात? कारखाना काढलालाव का काका?"

"घरच आहे."

"मग घरात एवढं काय हाय?"

"मुलगी यायचीय बाळंतपणाला," हिंदुराव म्हणाले, आणि आपण सरकारी खिडकीवर हे बोललो याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

बाईंचा आवाज मऊ झाला. "मशीनचा आकडा लिवू नका हो. तुमच्या घरात लागतंय किती, तेवढंच लिवा की."

हिंदुरावांनी पेन हातात घेतलं. लागतं तेवढंच लिहायचं, हे वाक्य त्यांनी नोकरीत इतरांना शंभरदा ऐकवलं होतं, पण स्वतः कधी केलं नव्हतं. दोनचा आकडा काही केल्या पेनातून उतरेना. शेवटी त्यांनी चार लिहिलं आणि घाम पुसत घरी आले.

घरी गंगम्मा वाट बघत होत्या. मशीनच्या धुराड्याचं तोंड त्यांच्या वाळत घातलेल्या टॉवेलांकडे होतं. भांडण करायला त्या तयारीनं आल्या होत्या, पण वैजयंतीबाईंनी चहा पुढे केला आणि चहाबरोबर तोडगाही निघाला. धुराची भरपाई म्हणून गंगम्मांच्या घरात एक वायर द्यायची. फक्त एका बल्बापुरती.

हे मल्लूअण्णांना कळलं. धूर त्यांच्याकडे जात नव्हता, पण आवाज जाणार होता, आणि त्यांची दुपारची झोप ही गल्लीला माहीत असलेली गोष्ट होती. तेव्हा आवाजाची भरपाई म्हणून एक वायर त्यांना. रत्नदीप स्वतः काही मागणाऱ्यातला नव्हता, पण त्याची बायको धम्मप्रिया म्हणाली की सल्ला तर यांनीच दिला होता ना, काकू? एक वायर त्यांना. मग पलीकडच्या घरांनी मुद्दा काढला की आमच्याकडे ना धूर येतो ना आवाज, म्हणजे आम्हाला भरपाई मागायचं निमित्तच ठेवलेलं नाही, हा तर जास्तच अन्याय झाला. हिंदुरावांना हा युक्तिवाद बिनतोड वाटला. एकाही माणसाला त्यांना नाही म्हणता आलं नाही. शिवाय साडेसात हा आकडा त्यांच्या डोक्यात जाऊन बसला होता.

"अहो, बल्ब म्हणून वायर नेतात आणि टोकाला बोर्ड लावतात," वैजयंतीबाई म्हणाल्या. "मी गंगम्माकडे बघून आले. पाच भोकांचा आहे."

"साडेसात आहे आपला," हिंदुराव म्हणाले.

डोहाळजेवणाच्या दिवशी सकाळी अकलूजची जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली. उदयसिंह आधी उतरले, मग त्यांनी उत्कर्षाला हात देऊन उतरवलं. ती घामेजली होती, पण आईला बघताच तिचा चेहरा असा उजळला की हिंदुरावांनी घाईघाईनं रुमाल काढून नाक शिंकरलं. उदयसिंह चालत पुढे आले आणि जनरेटरपाशी थबकले. त्यांनी ती पिवळी अक्षरं मोठ्यानं वाचली. कलशाकडे बघितलं. मिशीवरून हात फिरवला.

"एवढं कशाला करायचं ओ," ते म्हणाले. "म्या काय परका हाय व्हय?"

ही पाटी आपल्या स्वागतासाठी खास रंगवून घेतली आहे असा त्यांचा समज झाला होता. हिंदुरावांनी तो दूर केला नाही. वैजयंतीबाईंनी पदर तोंडाला लावला.

दुपारी उत्कर्षाला हिरवी साडी नेसवली, फुलांचे दागिने घातले, झोपाळ्यावर बसवून बायकांनी ओटी भरली. जेवण झालं आणि तिला आतल्या खोलीत कूलरपुढे आडवं व्हायला पाठवलं. इकडे ओसरीत उदयसिंह पानाला चुना लावत पंख्याकडे टक लावून बसले. त्यांना व्यवस्था बघायची होती, आणि व्यवस्था बघायची तर लाईट जायला हवी होती. रोज जाणारी लाईट त्या दिवशी जाता जाईना. हिंदुराव देवघरात जाऊन आले. लाईट जावी म्हणून हात जोडण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती आणि नेमकं कोणत्या देवाला सांगावं ते त्यांना कळेना. गल्लीतही सगळे ताटकळले होते. मल्लूअण्णा दर थोड्या वेळानं दारातून विचारून जायचे, "न्हाय गेली अजून?"

आणि गेली. पंखा फिरता फिरता मंद झाला, आणि गल्लीतून आनंदाची आरोळी उठली. लाईट गेल्यावर टाळ्या वाजवणारी माणसं उदयसिंहांनी प्रथमच पाहिली. हिंदुराव रुबाबात बाहेर गेले, चेंजओव्हर फिरवला, किल्ली लावली. धूड खोकलं, हललं आणि गर्जना करत सुरू झालं. वैजयंतीबाईंच्या मांडणीवरच्या ताटल्या एक-दोनदा नाचल्या. पंखा फिरला. आतून कूलरचा आवाज आला.

"हां," उदयसिंह ओरडून म्हणाले, कारण ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. "येवस्था हाय म्हणायची!"

हिंदुरावांची छाती फुगली. त्याच वेळी मशीनचा आवाज बदलला. गर्जना जाऊन कण्हणं सुरू झालं. दिवे पिवळे झाले, पंखा रेंगाळला. मशीननं एक मोठा सुस्कारा टाकला आणि ते बंद पडलं. आतला कूलरही थांबला.

हिंदुरावांनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच झालं. हजार लग्नं लावलेलं मशीन एका डोहाळजेवणात आडवं झालं होतं.

रत्नदीप धावत आला. त्यानं गल्लीभर पसरलेल्या वायरींकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. "काका, प्रत्येकाकडे काय काय लावलंय? अण्णा, तुमची आटाचक्की चालू आहे का?"

"व्हय की," मल्लूअण्णा पिठानं पांढरे होऊन दारात आले. "खपली गहू दळलालोय. आपल्या उत्कर्षाला खिरीला. दळण म्हणजे काय, एका बल्बाएवढंच की ते."

गंगम्मांकडे शिलाई मशीन, इस्त्री आणि कूलर असं तिन्ही चालू होतं. त्या बाळासाठी दुपटी शिवून त्यांना इस्त्री करत होत्या. पुढच्या घरात पोरीला लस्सी हवी म्हणून मिक्सर लावला होता. त्याच्या पुढच्यात कुणी बर्फ व्हावा म्हणून जुना फ्रिज जोडला होता. अगदी टोकाच्या घरात मॅच चालू होती, तिच्याशी मात्र उत्कर्षाचा काही संबंध नव्हता. सगळ्या गल्लीची माया एकदम जनरेटरवर येऊन पडली होती, आणि ती साडेसात केव्हीएत मावत नव्हती.

आतून उत्कर्षाचा आवाज आला, "आई, वारा बंद झाला गं." त्या आवाजात तक्रार नव्हती, नुसता थकवा होता. उदयसिंहांनी पानाचा डबा मिटला आणि खिशात ठेवला. "तासाभरानं निघावं म्हणतो," ते म्हणाले. "उन्हं जरा कलली की."

हिंदुराव गल्लीत आले. उन्हानं डोळे दिपत होते. दारादारांत माणसं उभी होती. आता काहीतरी बोलायला हवं होतं, आणि हिंदुरावांना मागायची एकच रीत माहीत होती. "सर्व संबंधितांना विनंती," त्यांनी घसा साफ करून सुरुवात केली, "की आपापला निम्मा भार..." आणि ते अडकले. निम्मा म्हटलं तर लोक किती बंद करतील? चौथाई? मग सगळंच बंद करा म्हणावं का, म्हणजे निम्मं तरी होईल? त्यांनी बायकोकडे बघितलं. वैजयंतीबाई दारात उभ्या होत्या, हातात पोरीच्या अंगावरचे फुलांचे दागिने घेऊन. फुलं मलूल झाली होती.

"मला एक कूलर चालवायचाय," हिंदुराव म्हणाले. त्यांचा आवाज त्यांना स्वतःला ओळखू आला नाही. "एवढंच पाहिजे. पोरीच्या खोलीतला एक कूलर. बाकी काही नको. तेवढं करा. नाहीतर तिला घेऊन जातील."

 मग गंगम्मा म्हणाल्या, "अय्यो, एवढं बोलायला येवढा वेळ?" आणि त्यांनी घरात जाऊन बोर्डाची पिनच उपटली. मल्लूअण्णांची चक्की थांबली. मिक्सर थांबला, फ्रिज थांबला. मॅचचा आवाज थांबला, तेव्हा सगळ्यांनाच जरा आश्चर्य वाटलं. मल्लूअण्णांनी उत्साहाच्या भरात आपला स्वतःचा इन्व्हर्टरही बंद केला, त्याचा जनरेटरशी काही संबंध नव्हता. एकानं उभी असलेली मोटारसायकल बंद केली. हिंदुराव बघत राहिले. एवढ्या वर्षांत त्यांच्या मागणीपेक्षा मंजुरी जास्त आलेली त्यांनी पाहिली नव्हती.

रत्नदीपनं हिंदुरावांच्या घरातला फ्रिज आणि दिवे बंद केले. हिंदुरावांनी किल्ली फिरवली. मशीन या खेपेला कण्हलं नाही की गरजलं नाही, दोन केव्हीएच्या कामाला साजेलसं गुरगुरत राहिलं. आतून कूलरचं पाणी टपटपायला लागलं.

ओसरीत मात्र पंखा चालू राहिला होता, कारण पाहुण्याच्या डोक्यावरचा पंखा बंद करायचा धीर कुणालाच झाला नव्हता. उदयसिंह उठले. हात धुवायला म्हणून आत गेले, आणि मधल्या दारापाशी उभे राहिले. पडदा वाऱ्यानं फडफडत होता. उत्कर्षा गाढ झोपली होती. हिरव्या साडीचा बोंगा आवरायचीही शुद्ध नव्हती. बांगड्या भरलेले हात उशीवर पसरले होते, तोंड किंचित उघडं होतं, आणि दोन्ही पाय कॉटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खुशाल लांब केलेले होते.

 उदयसिंह हलक्या पावलांनी ओसरीत आले, भिंतीवरचं बटण शोधलं आणि डोक्यावरचा पंखा बंद केला. वैजयंतीबाई "अहो, अहो" म्हणेपर्यंत ते बाहेर जाऊन कट्ट्यावर, हिंदुरावांच्या शेजारी, उन्हाच्या तिरपीत बसले. टोपी काढून तिनंच वारा घेऊ लागले.

"आमच्याकडं कधी असं झोपल्याली बघितली न्हाय म्या तिला," ते म्हणाले. "एसी लावून देतो, तरी आखडूनच पडत्या. मला वाटायचं पोरीला सवयच हाय तशी."

 गंगम्मांनी दोघांच्या मध्ये पुढच्या घरातल्या लस्सीचे दोन पेले आणून ठेवले. बर्फ वितळला होता, पण लस्सी गार होती.

"मग... ठेवताय ना तिला?" हिंदुरावांनी विचारलं. "तीन महिने?"

"तीन?" उदयसिंहांनी पेला खाली ठेवला. "फोनवर तर सहा म्हणलावतात की."

हिंदुरावांनी तोंड उघडलं. सहा मागून सहा मिळाल्यावर काय करायचं असतं ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते काही बोलायच्या आत दारातून वैजयंतीबाई म्हणाल्या, "सहाच! सहाच म्हणाले होते हे."

"ऱ्हाऊ दे सहा," उदयसिंह म्हणाले. "पर मला अधनंमधनं बघाय यावं लागंल. पाटी तर लावलीच हाय तुमी."

मल्लूअण्णांनी खपलीचं अर्धवट दळलेलं पीठ आणून वैजयंतीबाईंच्या हातात दिलं आणि उरलेलं कधी दळू असं विचारलं. ती उठल्यावर, असं त्या म्हणाल्या. मग सगळी गल्ली आपापल्या उंबऱ्यावर बसून, पदरानं आणि पुठ्ठ्यानं वारा घेत, ती उठायची वाट बघत राहिली. मधेच कधीतरी लाईट आली. रस्त्याच्या टोकाचा दिवा भर उन्हात लागला, पण आपल्या घरचं बटण दाबायला कुणी उठलं नाही.